ऐंशी सेंटीमीटरचा मीटर

निर्मला, तुकड्यांची पिशवी अजून शिलाई मशीनखालीच आहे. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, पोरगा नागपूरला परतला, माझ्या ताईनं सगळं घर धुऊन काढलं, पण त्या पिशवीला कोणी हात लावला नाही. कापड दुकानाची पिवळी पिशवी, आणि आत तुझ्या सातवीच्या पोरांनी घरून आणलेले कापडाचे चौकोन. दहा सेंटीमीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद. तू ते मोजून घेतले होतेस. शिवायचे राहिले.

मी रडतबिडत नाही, हे आधीच सांगतो. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि मी चहा विचारला की त्यांची पंचाईत होते. परवा ताई शेजारणीला सांगत होती, "जलमभर वावरं मोजली न त्यानं. त्याचं काळीजबी टेपानंच मोजलेलं हाय." मी ऐकलं. दाराची कडी बरेच दिवस नीट बसत नव्हती, ती नीट करत राहिलो.

तुझे हेडमास्तर आले होते. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, जरा जास्तच बोलले, आणि मग कामाचं काढलं. नवीन शिक्षक कधी मिळेल ते सांगता येत नाही. सातवीचं गणित थांबलं आहे. क्षेत्रफळाचा धडा अर्ध्यात आहे, आणि पोरं रोज विचारतात, गोधडीचं काय झालं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची सारी नोकरी हेक्टर-आर करण्यात गेली. थोडे दिवस येऊन द्या न शाळेत. एवढा धडा तं निपटून द्या."

मी "बघतो" म्हणालो. आमच्या मोजणी ऑफिसात बघतो म्हणजे नाही. ते त्यांना माहीत नसावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची मदतनीस बाई मला बोलवायला दारात हजर.

शिकवायची मला भीती नव्हती. अडचण त्या तुकड्यांची होती. तुकडे दहाचे होते, आणि मी जन्मभर म्हणत आलो की ते बाराचे पाहिजेत. आता तुझी बाजू मांडायला तू नाहीस. कात्री माझ्या हातात. आपलं सगळ्यात जुनं भांडण मला एका शब्दात जिंकता येत होतं, आणि नेमकं तेच मला जमेना.

भांडण काय होतं ते मुळापासून लिहितो. तुला माहीत आहे, पण लिहायला बसलोच आहे तर नीट लिहावं.

तुला पहिल्यांदा सातवी मिळाली तेव्हापासून पोरं एकच चूक करत आली. एका मीटरचे सेंटीमीटर शंभर, मग एका चौरस मीटरचे चौरस सेंटीमीटर किती? सगळा वर्ग एका सुरात: शंभर. तू फळ्यावर आखून दाखवायचीस. शंभर आडवे, शंभर उभे, शंभर गुणिले शंभर, दहा हजार. पोरं माना हलवायची आणि चाचणीत पुन्हा शंभर लिहायची. संध्याकाळी कणीक मळता मळता तू माझ्यावर चिडायचीस, ते शंभर मीच लिहून आल्यासारखी. मी म्हणायचो, पाठ करून घे. आम्ही काय रोज विचार करतो काय? हेक्टरचे शंभर आर, आराचे शंभर चौरस मीटर, एकराचे चाळीस आर धरायचे, चला पुढं. तू म्हणायचीस, "तुमचं गणित म्हंजे पी हळद अन् हो गोरी."

आधी तू पेपरचे चौकोन कापून वर्गात मांडलेस. कोणी पंखा लावला, आणि तुझा चौरस मीटर वर्गभर उडाला. मग तुला कापड सुचलं. प्रत्येक पोरानं घरच्या चिंध्यांतून दहा बाय दहाचे चौकोन कापून आणायचे. एका तुकड्यात शंभर चौरस सेंटीमीटर. असे शंभर तुकडे जोडले की दहा हजार, म्हणजे एक चौरस मीटर, आणि तो पोरांना हातात धरता येईल. बापाच्या लुंगीचे आले, आईच्या परकराचे आले, जुन्या गणवेशाचे तर ढीगभर. एकानं खताच्या पोत्याचा आणला. तोही तू घेतलास.

मी तेव्हा उमरखेडला होतो, दिवाळीच्या सुट्टीत बाभुळगावला घरी आलो होतो. तू गोधडी शिवून पूर्ण केलीस, पलंगावर पसरलीस, आणि मी सवयीनं खिशातला टेप काढला. ऐंशी. दुसरी बाजू मोजली. ऐंशी. मला इतकं हसू आलं की हातातला चहा चादरीवर सांडला. "मॅडम, तुमचा चौरस मीटर शिलाईत गेला," मी म्हणालो.

तू रागावली नाहीस. गोधडी उलटी केलीस आणि शिवणीवर नख फिरवलंस. "अहो, हरेक तुकडा चारी बाजूनं एक एक सेंटीमीटर आत गेला न," तू म्हणालीस. "दहाचा आठ झाला."

"मग पुढच्या खेपेला बारानं काप. शिलाईत दोन जातील, दहा उरतील."

तू पलंगाच्या काठावर बसून बोटांवर काहीतरी करत राहिलीस. मग म्हणालीस, "ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे. म्हंजे बाजू पाचवा हिस्सा कमी झाली, अन् कापड एक तृतीयांशाच्या वर गेलं. छत्तीसशे गेले. इतके दिवस शिकवून राह्यली मी, अन् हे मलेच आज दिसलं."

आणि ती कमी पडलेली गोधडी तू तशीच शाळेत नेलीस. जमिनीवर खडूनं चौरस मीटर आखला, त्यात गोधडी ठेवली. दोन बाजूंना फरशी उघडी. शंभर तुकडे तर पोरांनी स्वतः मोजून दिले होते. मग दिनेश नावाचा पोरगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, बाकीचं कुठी गेलं?"

त्या प्रश्नानं तुला काय झालं कोणास ठाऊक. पुढच्या वर्षापासून तू मुद्दाम दहाचेच तुकडे मागवू लागलीस. शिवायची, कमी पडू द्यायची, आणि कोणी विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

उमरखेडकडच्या त्या दोन भावांची गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली असेल. मोठ्यानं लहान्याला अर्धं वावर द्यायचं कबूल केलं आणि स्वतःच दोरी धरून वाटणी केली. लांबी अर्धी घेतली, रुंदी अर्धी घेतली. दोघांनाही वाटलं, झालं अर्धं. लहान्याची कपाशी दरवर्षी फारच कमी निघू लागली तेव्हा त्यानं मोजणी मागवली. मी मोजलं तर ते पाव निघालं. मोठा लबाड नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. पण शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, दोन्हीकडून काठ्या निघाल्या, आणि मी सगळं सामान तिथंच टाकून जीपमागं जाऊन उभा राहिलो. तुला मी म्हणायचो, एका चुकीनं डोकी फुटतात, आणि तू लेकरांना जाणूनबुजून चुकीच्या रस्त्यानं नेतेस.

"म्हणूनच तं," तू म्हणायचीस. "कापडावर चुकू द्या त्यायले. मंग धुऱ्यावर नाई चुकत."

"आणि ज्याला कापडावरही कळलं नाही, त्याचं काय?"

यावर तू उठून दूध बघायला जायचीस. तुझं दूध नेमकं अशाच वेळी उतू जायचं.

त्या गोधड्यांचं करायचं काय, हा प्रश्न तू पहिल्या वर्षानंतरच सोडवलास. ऐंशी सेंटीमीटरच्या गोधडीत मोठ्या माणसाचे पाय उघडे पडतात, पण तान्ह्या लेकराला ती बरोब्बर होते. दरवर्षीची गोधडी शाळेच्या गावात नव्यानं जन्मलेल्या कोण्या तरी बाळाला जायची. आया आधीपासून सांगून ठेवायच्या. तुझ्या कमी पडलेल्या मीटरवर निजून मोठी झालेली कितीतरी पोरं आज त्या गावात आहेत. त्यातली काही पुढं तुझ्याच वर्गात आली, आणि त्यांनीही पहिल्या चाचणीत शंभरच लिहिलं. हे मी तुला मुद्दाम आठवून द्यायचो.

पहिली गोधडी मात्र घरीच राहिली, मशीनवर झाकायला.

दुसरं भांडण बॅगेचं. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाला आपल्याकडे बॅग म्हणतात, आणि पोरं वावर बॅगेनंच सांगतात. आमचं चार बॅगांचं, आमचं सात. तू बॅग फळ्यावर हेक्टर-एकराच्या रांगेत लिहिलीस म्हणून मी भडकलो होतो. कोणी दाट पेरतो, कोणी पातळ. याच्या चार बॅगा म्हणजे त्याच्या पाच. हे काय माप झालं? तू म्हणालीस, "घरून जे माप घेऊन येतात ते दारात काढून ठेवाले सांगू काय, चपलेवानी?" आणि मग कोणाची बॅग मोठी यावर पोरांना इतकं भांडू दिलंस की शेवटी त्यांनीच सांगितलं, मॅडम, सगळ्यांची एकच पाहिजे, न बदलणारी. तिथून तू आरावर आलीस. हे भांडण तू जिंकलीस. तोंडावर सांगितलं नाही, कारण तू ते मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना सांगितलं असतंस.

पण मला आठवतात त्या बातम्या. दरवर्षी गोधडी पसरली की तू मला एकच गोष्ट सांगायचीस, यंदा कोणी विचारलं. उमरखेडला असताना घरमालकाच्या फोनवर तुझा फोन यायचा, मी अर्ध्या जेवणातून धावत जायचो, काय झालं असेल या धसक्यानं, आणि तू म्हणायचीस, "यंदा कांतानं इचारलं." बस. एवढ्यासाठी फोन. मी म्हणायचो, बरं, आणि परत येऊन गार झालेलं जेवायचो. नंतर बदली होऊन घरी आलो, तेव्हा तू दारातूनच नाव सांगत यायचीस, चपला काढायच्या आधी. मी पेपर वाचत असायचो. मान वर करायचो, हं म्हणायचो. त्या हंवर तुझं भागायचं, असं दिसतं.

एका वर्षी कोणीच विचारलं नाही. गोधडी वर्गात पडून, पोरं तिच्या बाजूनं ये-जा करतात, कोणाला काही पडलेलं नाही. घरी वरणात मीठ जास्त. मी म्हटलं, सांगून टाक न बाई, मोकळी हो. "नाई," तू म्हणालीस, "इचारल्याबिगर सांगतलं तं ते माहं होते, त्यायचं नाई होत." बऱ्याच दिवसांनी एका मुखदुर्बळ पोरानं शाळा सुटल्यावर फाटकाशी गाठून विचारलं. त्या संध्याकाळी तू पाटोडीची भाजी केलीस, आणि मला कारण विचारायची गरज पडली नाही.

दवाखान्याचं मी लिहिणार नाही. यवतमाळला जाणं-येणं, त्या खुर्च्या, ते कागद, तुला त्यातलं काहीच आवडलं नसतं. शेवटी घरी आणलं तेव्हा तू मशीनवरची गोधडी मागितलीस आणि गुडघ्यांवर घेतलीस. "पायावर ऐंशी पुरते," असं म्हणालीस. मी हसलो. तूही थोडी हसलीस.

तुझ्यामागं ताईनं रीतीप्रमाणे तुझं अंथरूण-पांघरूण बांधलं, गावाबाहेर नेऊन टाकायला. गाठोड्यातून खताच्या पोत्याचा तो एक चौकोन बाहेर दिसत होता. मी म्हणालो, "ताई, ते एक राहू दे." ती म्हणाली, "दुखण्यातलं घरात ठेवत नसतात, बापू." घर बायकांनी भरलेलं होतं आणि त्या घडीला घर त्यांचंच असतं. गाठोडं गेलं. तुझ्या साड्या वाटल्या तेव्हा मला काही वाटलं नाही, पण त्या गोधडीचं वाईट वाटलं. अजून वाटतं.

आणि एक राहिलं. शेवटच्या दिवसांत तू मला सगळं सांगितलंस. गॅसचं कार्ड कुठं आहे, पोराच्या लग्नाची घाई करायची नाही, ताईशी वाद घालायचा नाही. त्या पिशवीबद्दल एक शब्द नाही. विसरलीस म्हणावं तर तू धडा अर्धा सोडून विसरणारी बाई नव्हतीस. मुद्दाम नाही बोललीस, असंच मी धरतो. माझ्यावर सोडलंस, आणि ते मला आवडलं नाही.

असो. मी शाळेत गेलो. पोरं मला आधीपासून ओळखत होती. "मॅडमचे सर आले," असं ओरडत वर्गात पळाली. तुझी खुर्ची कोणीतरी पुसून ठेवली होती. मी बसलो नाही, उभ्यानंच शिकवलं.

पहिल्या दिवशी मी माझ्या पद्धतीनं घेतलं. तुझ्या पिशवीचं नावही काढलं नाही. फळ्यावर सगळं लिहून दिलं, हेक्टर, आर, चौरस मीटर, चौरस सेंटीमीटर, कशाला कशानं गुणायचं, कशानं भागायचं. वीसदा म्हणवून घेतलं. मग उदाहरणं घातली, आणि निर्मला, सगळी बरोबर आली. एकही शंभर नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, एका दिवसात.

मग निघता निघता, सहज, पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "दहा हजार काहून रे? शंभर काहून नाही?"

तो उभा राहिला. "तुमीच सांगतलं न, सर."

मी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांचं तेच. मी सांगितलं म्हणून. त्या उमरखेडच्या मोठ्या भावालाही कोणीतरी असंच काहीतरी सांगितलेलं असणार. मी फळा पुसला आणि घरी आलो.

मशीनखालून पिशवी काढली. तुकडे मोजले तर शंभराला थोडे कमी भरले. आता बाराचे मागवायचे असते तर हीच वेळ होती. मी कात्री घेतली, माझा ऑफिसचा जुना पांढरा शर्ट काढला, आणि उरलेले चौकोन कापले. दहा बाय दहाचे. वाटून उरलेल्या तुझ्या एखाद्या साडीतून कापले असते तर ताईनं माझीच तेरवी घातली असती.

शिवायला मीच बसलो. इतकी वर्षं त्या मशीनला तेल मी देत आलो, तिच्या खोडी मला माहीत आहेत. पहिल्या ओळीला दोरा तीनदा तुटला. पण सरळ रेषा मारणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, आणि तुला राग येईल, पण माझी शिवण तुझ्यापेक्षा सरळ आहे. चारी बाजूनं नेमका एक एक सेंटीमीटर आत. कमी पडायचं तर मापात कमी पडावं.

वर्गात खडूनं चौरस मीटर आखला. तू नजरेनं काटकोन मारायचीस, मी तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून तपासून घेतला. एका कोपऱ्यात कोपरा मिळवून गोधडी पसरली. दोन बाजूंना वीस-वीस सेंटीमीटर फरशी उघडी राहिली. पोरं गोल करून उभी. मी खडू ठेवून बाजूला झालो.

"सर, कमी पडली," एकजण म्हणाला.

"तुकडे शंभर हायेत काय?" दुसऱ्यानं विचारलं. पोरांनी दोनदा मोजले. शंभर.

"मंग सरांले शिवताच नाई येत," मागून एक आवाज आला, आणि सगळा वर्ग हसला. नाचता येईना अंगण वाकडं, असंही कोणी पुटपुटलं. मी ऐकून घेतलं.

गप्प राहणं इतकं कठीण असतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. जन्मभर मी चुकीचं माप दिसलं की बोट ठेवून बोललो. पगार त्याचाच घेतला. आणि इथं चूक समोर पसरलेली, ती मीच शिवलेली, तिचं उत्तर माझ्या जिभेवर, आणि चाळीसेक डोळे तिच्याभोवती फिरताहेत. मी खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो. ग्राउंडवर मदतनीस बाईची सून ओटीत बाळ घेऊन बसली होती. मी त्या बाळाकडे बघत राहिलो.

मागच्या बाजूला आचल नावाची एक पोरगी आहे. वेण्या वर बांधलेली, तांड्यावरून चालत येते. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती वाकली, एका तुकड्याला चिमटीत धरलं, उलटवलं, परत सरळ केलं. मग उभी राहिली.

"सर, बाकीचं कुठी गेलं?"

मी तिच्याकडे वळलो. नुसता हात केला, शोध म्हणून. मग जे झालं ते तुला माहीत आहे, तू ते दरवर्षी पाहिलं आहेस. शिवण उलटी झाली, पट्ट्या बाहेर आल्या, कोणी म्हणालं वीस सेंटीमीटर गेलं, दुसरा म्हणाला, नाही बे, दोन बाजूंनी गेलं. आचलनं फळ्यावर ऐंशी गुणिले ऐंशी केलं. छत्तीसशे गेले, हे पाहून एका पोरानं कपाळावर हात मारला. त्यानंतर मी विचारलं, दहा हजार काहून, तेव्हा तीन-चार जण एकदम सांगू लागले, आणि कोणीही "तुमी सांगतलं" म्हणालं नाही.

तरी तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी गोलू नावाचा एक पोरगा अर्ध्या तासातच पोट दुखतं म्हणून घरी गेला. त्यानं गोधडी पाहिली, शिवणी पाहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं मला ठामपणे सांगितलं की कापडाचा मीटर ऐंशीचा असतो. मी त्याला वेगळं बसवून शिवण उसवून दाखवली. पण माझ्या जागी कोणी दुसरा असता, आणि गोलूकडे त्याचं लक्ष गेलं नसतं, तर? याचं उत्तर तू इतक्या वर्षांत दिलं नाहीस. दूध बघायला गेलीस. मी अजून वाट पाहतो आहे.

धडा संपला. गोधडी मदतनीस बाईच्या नातवाला गेली, त्याला बरोब्बर झाली. हेडमास्तरांनी पुढचा धडाही घ्या म्हणून गळ घातली आहे, मी बघतो म्हणालो. यावेळी त्याचा अर्थ काय ते माझं मलाच माहीत नाही.

त्या दिवशी आचलनं विचारलं आणि मी घरी आलो, कुलूप काढलं, आणि चपला काढायच्या आधीच आतल्या खोलीकडे तोंड करून बोलायला लागलो. अर्धा शब्द बाहेर पडला. मग थांबलो. आत तुझी खाट उभी करून ठेवलेली. ताईला सांगून तिला काही कळलं नसतं. पोराला फोन केला असता तर तो म्हणाला असता, बाबा, जेवले का. तुझी आठवण येते हे लोकांना सांगता येतं, ते सगळेच सांगतात. पण ही बातमी ऐकायला फक्त तू हवी होतीस. दुसऱ्या कोणाच्या ती कामाची नाही, म्हणून लिहून ठेवतो.

यंदा आचलनं विचारलं.